इंधननळीमाहात्म्य

मोटारगाडीचे इंजिन बदलून घेणाऱ्या मनुष्याचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर त्याने बसवलेल्या इंजिनाकडे पाहू नये. त्या इंजिनापर्यंत पेट्रोल किंवा डिझेल आणणाऱ्या नळीकडे पाहावे. इंजिन ही चारचौघांत दाखवायची वस्तू आहे. तिच्यासाठी कर्ज काढले जाते, जाणकार म्हणून मेव्हण्याला सोबत नेले जाते, कुर्ल्याच्या भंगारबाजारात उन्हातान्हात पायपीट केली जाते, आणि ती एकदा गाडीत बसली की बॉनेट उघडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावले जाते. इंधननळी, म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंत इंधन वाहून नेणारी, काही भाग धातूची आणि काही भाग रबराची अशी वाट, ही मात्र चासीच्या कडेने, चिखलाच्या आणि ग्रीसच्या थराखाली निमूट पडून असते, आणि तिचे दर्शन घ्यायला कोणी येत नाही. परिणामी इंजिनासाठी लाखभर रुपये खळखळ न करता मोजणारा गृहस्थ शे-दोनशे रुपयांच्या होज पाइपापाशी येऊन थबकतो आणि "आहे तो चालतोय ना, मेस्त्री?" असे विचारतो. या वर्तनातून एक सर्वसाधारण नियम निघतो, तो असा की ज्या भागाच्या बिघाडाने गाडी जळून खाक होऊ शकते, त्यावरचा खर्च मालकाला वायफळ वाटतो, आणि ज्या भागाच्या बिघाडाने फार तर चारचौघांत शोभा होते, त्यावरचा खर्च त्याला टाळता येत नाही.

हा नियम पडताळून पाहण्यासाठी महाराष्ट्रातील जुन्या जीपगाडीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने विलिस जीप मुंबईत जोडून विकायला सुरुवात केली, आणि पुढे सीजे-3बी या नावाचे जे प्रारूप खेड्यापाड्यांत सर्वपरिचित झाले, त्याचे बॉनेट उंच होते, कारण त्याखालचे 'हरिकेन' नावाचे 2199 सीसीचे पेट्रोल इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते. या इंजिनाची ताकद वादातीत होती आणि तहानही. पेट्रोल स्वस्त होते तोवर ही तहान सरकारी खात्यांनी, साखर कारखान्यांनी आणि बागायतदारांनी भागवली. 1973 नंतर जगभर तेलाचे भाव भडकले, तेव्हा तीच जीप पंपाकडे वळताना पाहून पंपावरच्या माणसाचा चेहरा खुलू लागला आणि मालकाचा उतरू लागला. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतील तफावत त्या काळी मोठी असल्यामुळे हरिकेन उतरवून डिझेल इंजिन चढवण्याची लाट आली. कोणी अपघातात सापडलेल्या एमएम-540 जीपचे, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बनलेले 2112 सीसीचे इंजिन मिळवले, कोणी टेम्पोचे आणले, कोणी आणखी कशाचे आणले. विशेषतः वडापच्या धंद्यात, म्हणजे माणसे दाटीवाटीने बसवून ठरलेल्या मार्गावर फेऱ्या मारण्याच्या धंद्यात, पेट्रोल इंजिन ठेवणे म्हणजे प्रवाशांना पदरमोड करून तीर्थयात्रा घडवणेच होते.

इंजिन बदलताना काय काय बदलावे लागते, याचा विचार मालक आणि मेस्त्री दोघेही बारकाईने करतात. माउंटिंग बदलते, म्हणजे इंजिन ज्या रबरी पायांवर उभे राहते ते पाय, रेडिएटर बदलतो, गिअरबॉक्सला जोडणारी पाटी लेथवर कातून घ्यावी लागते. या प्रत्येक कामासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याच्या नाना पेठेत किंवा तालुक्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तज्ज्ञ सापडतो, आणि तो तज्ज्ञ आपल्याआधी काम करून गेलेल्या तज्ज्ञाला नावे ठेवून कामाला लागतो. इंधननळीसाठी मात्र वेगळा तज्ज्ञ नसतो. ते काम शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला, मालक किल्ली मागायला येऊन उभा राहिल्यावर, गॅरेजमधल्या सर्वांत लहान पोऱ्याकडे सोपवले जाते, कारण चासीखाली तोच मावतो.

हा पोऱ्या जिथे सरपटत शिरतो, तिथली मूळ रचना समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. पेट्रोलवर बसून विडी ओढणारा चालक हे दृश्य महाराष्ट्राने वर्षानुवर्षे निर्विकारपणे पाहिलेले आहे. त्या टाकीतून एकच नळी निघते आणि चासीच्या कडेने पुढे जाऊन इंजिनाच्या बगलेतील एसी पंपाला मिळते. या पंपाचा गारव्याशी काही संबंध नाही; तो इंजिनाच्या कॅमशाफ्टने हलणारा, आत लवचीक पडदा असलेला साधा पंप आहे, आणि तो पेट्रोल ओढून कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या यंत्राला, पुरवतो. कार्बोरेटरचे भांडे भरले की आतली सुई वाट अडवते आणि पंप गप्प राहतो. या साऱ्या व्यवहारातला दाब पाव बारच्या आसपास असतो, बार म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीवरील हवेचा दाब. इतक्या सौम्य कारभारात नळी कशीही असली तरी निभते, आणि ती निभते याच अनुभवावर पुढच्या सर्व चुका उभ्या राहतात.

डिझेल इंजिनाचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, ते फिल्टरमधून गाळून इंजेक्शन पंपाकडे जाते, इंजेक्शन पंप ते शंभर बारहून अधिक दाबाने जाड पोलादी नळ्यांतून इंजेक्टरपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावर फवारा मारणाऱ्या तोटीपर्यंत, पोचवतो, आणि या प्रवासात पंपाला व इंजेक्टरला वंगण आणि गारवा देऊन जे डिझेल शिल्लक राहते ते टाकीकडे परत निघते. या परतीच्या वाटेला रिटर्न लाइन म्हणतात. पेट्रोल जीपच्या टाकीला जाणारे इंधन ठाऊक आहे, येणारे ठाऊक नाही. तिच्यावर रिटर्नसाठी भोकच नसते. इंजिन चढवून झाल्यावर, नळ्या जोडताना, पोऱ्याच्या हातात एक नळी उरते आणि ती कुठे लावायची हा प्रश्न तो चासीखालून ओरडून विचारतो. इंजिनबदलाच्या शास्त्रातील खरा मतभेदाचा मुद्दा येथे सुरू होतो, आणि त्यावर तीन संप्रदाय आहेत.

पहिला संप्रदाय रिटर्नच्या नळीला 'टी' लावून ती टाकीतून येणाऱ्या नळीलाच जोडतो. हे काम झटपट होते, दिसायला नीटनेटके असते आणि त्यात तापलेले डिझेल, सोबत आलेले हवेचे बुडबुडे यांसह, पुन्हा पुन्हा त्याच पंपाकडे जात राहते, त्यामुळे घाटात अर्ध्यावर इंजिन गुदमरते आणि प्रवासी उतरून ढकलू लागतात. दुसरा संप्रदाय टाकीच्या तोंडाशी, झाकणाखालच्या मानेत, भोक पाडून तेथे रिटर्न सोडतो. ही युक्ती बरी चालते, मात्र झाकण पातळ कापडाने बांधलेले असेल, आणि ते बहुधा तसेच असते, तर प्रत्येक वळणावर चालकाच्या पँटला डिझेलचा प्रसाद मिळतो. तिसरा संप्रदाय टाकी खाली उतरवून तिच्यावर स्वतंत्र नेपल, म्हणजे नळी बसवायचे तोंड, झाळून घेतो. हाच मार्ग योग्य आहे आणि हाच सर्वांत धोक्याचा आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के मिसळली की मिश्रण ठिणगीची वाटच पाहत असते आणि ओतून रिकाम्या केलेल्या टाकीत नेमके असेच मिश्रण साचण्याचा संभव असतो. रिकामे मन सैतानाचे घर असेल, तर पेट्रोलची रिकामी टाकी हे त्याचे कार्यालय होय. म्हणून जाणता वेल्डर टाकी धुऊन काढतो आणि नेपलपुरती जागा सोडून ती पाण्याने काठोकाठ भरतो, मगच नळकांडे पेटवतो. आणि अजाणता वेल्डर "वास तर येत नाही" असे म्हणतो.

यानंतर मापांचा प्रश्न येतो. मराठी मेस्त्री नळीचे माप इंचात सांगत नाही आणि मिलिमीटरमध्येही सांगत नाही. तो ते सुतात सांगतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे दोन सुती नळी पाव इंचाची, अडीच सुती नळी पाच-सोळांश इंचाची आणि तीन सुती नळी तीन-अष्टमांश इंचाची होते. अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर, त्यामुळे आठ मिलिमीटरचा होज तिच्यावर सुखाने बसतो. तीन सूत म्हणजे मात्र 9.53 मिलिमीटर, त्यामुळे तिच्यावर दहाचा होज ढिला होतो आणि क्लिप कितीही आवळली तरी ढिलाच राहतो. त्यातून जीप अमेरिकी वंशाची असल्याने तिचे आटे इंचाचे, आणि प्यूजोचे इंजिन मेट्रिक पद्धतीची जन्मभूमी असलेल्या फ्रान्सचे असल्याने त्याचे आटे मिलिमीटरचे. अमेरिकी युनियन नट फ्रेंच नेपलवर दीड आटा आनंदाने चढतो आणि मग अडतो. या क्षणी दोन्ही देशांची परंपरा जाणणारा मेस्त्री योग्य अॅडॉप्टर शोधायला बाजारात जातो, आणि ती न जाणणारा मेस्त्री लांब पान्याने नटाला पुढचे दोन आटे शिकवतो. गळती राहिलीच तर प्लंबरकडची पांढरी टेप गुंडाळली जाते; तिचे तुटलेले धागे पुढे फिल्टरमध्ये आणि फिल्टर चुकवून इंजेक्शन पंपात पोचतात, आणि पाच रुपयांच्या टेपेने पंपाची पाच आकडी दुरुस्ती कशी निघाली याचा उलगडा कोणालाच होत नाही.

नळी कशाची असावी, या विषयावर ग्रंथांचे आणि गॅरेजांचे एकमत नाही. ग्रंथ सांगतात की चासीवरचा लांब पल्ला पोलादी नळीचा असावा, ज्याला बाजारात बंडी पाइप म्हणतात. तिच्या टोकाला फुगीर कडा काढलेली असावी, म्हणजे होज निसटत नाही. आणि इंजिन हलते व चासी हलत नाही, म्हणून दोहोंमधला केवळ वीतभर तुकडा रबरी असावा, तोही इंधनासाठी बनवलेल्या, आत सुती किंवा धाग्याचे विणकाम असलेल्या नायट्राइल रबराचा. गॅरेजांची यादी अधिक उदार आहे. तिच्यात फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेली तांब्याची नळी असते, जी हाताने वाकते म्हणून सर्वांना आवडते आणि डिझेल इंजिनाच्या थरथरीने हळूहळू कडक होऊन वाकणाच्या जागीच तडकते. तिच्यात शेतातल्या फवारणी पंपाची नळी असते. तिच्यात गवंड्याचा लेव्हल पाइपही असतो, म्हणजे भिंतीची पातळी पाहण्याचा पारदर्शक प्लास्टिकचा पाइप. हा पाइप नवा असताना आतून जाणारे इंधन दाखवून मालकाला मोहवतो. पण इंधन त्याच्यातील मऊपणा आणणारी द्रव्ये शोषून घेते, आणि काही महिन्यांत तो पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी इतका ठिसूळ होतो की क्लिप सोडवायला गेले असता टोक क्लिपमध्येच राहते. या पाइपाचा एक गुण मात्र ग्रंथांनाही मान्य करावा लागतो, आणि तो पुढे येईलच.

जुना मूळ होज फसवतो तो आणखी निराळ्या रीतीने. बाहेरून तो काळा, गुबगुबीत, हाताला बरा लागतो. त्याचे आतले अस्तर मात्र वर्षानुवर्षांच्या इंधनाने फुगून भोक अरुंद करते किंवा सुटून पापुद्र्यासारखे लोंबू लागते, आणि पंपाने जोर केला की हाच पापुद्रा झडपेसारखा वाट बंद करतो. गाडी सावकाश चालवली तर बिनतक्रार चालते आणि चढावर वेग मागितला की मान टाकते. उभी करून तपासली तर पुन्हा निर्दोष ठरते. असा होज मालकाच्या हातून इंजेक्टर, फिल्टर, पंप, एअर क्लीनर आणि शेवटी मेस्त्री बदलवतो, आणि स्वतः जागचा हलत नाही.

डिझेलच्या नळीचा आणखी एक गुणधर्म असा की ती गळताना दिसत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत इंधन ढकलले जात नसून ओढले जाते, त्यामुळे तिला बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली थेंब नाही, वास नाही, डाग नाही. फक्त इंजिन सुरू होते, दोन-तीन मिनिटे चालते आणि विचारात पडल्यासारखे होऊन बंद पडते. मेस्त्रीच्या भाषेत 'गाडीने हवा धरली'. मग फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करून पोऱ्या हातपंप दाबू लागतो. स्क्रूच्या बुडाशी आधी फेस, मग बुडबुडे, मग एक-दोन चुकार बुडबुडे आणि शेवटी सलग डिझेल येते. ते येताच स्क्रू आवळायचा, इंजेक्टरकडच्या नळ्यांचे नट सैल करायचे आणि स्टार्टर मारायचा. इंजिन लागते, सगळे हात पुसतात, आणि दोन-तीन मिनिटांनी ते पुन्हा बंद पडते. चौथ्या खेपेस मेस्त्री फिल्टरच्या तोंडाशी तो बदनाम लेव्हल पाइप फूटभर जोडतो, आणि त्याच्या पारदर्शक पोटातून बुडबुड्यांची शिस्तबद्ध मिरवणूक जाताना सर्वांना दिसते. तपासापुरता लावलेला हा पाइप दोष सापडताच काढून टाकायचा असतो. तो काढला जात नाही, कारण त्यातून डिझेल जाताना पाहणे मालकाला आवडू लागलेले असते.

पेट्रोलची गोष्ट वेगळी, कारण पेट्रोल गळले की कळते. जाणकारांनी या गळतीच्या चार अवस्था मानायला हरकत नाही. पहिली अवस्था वासाची. तिच्यात मालक खिडकी उघडतो. दुसरी ओलीची, सांध्याभोवती घाम फुटल्यासारखा ओलसर डाग दिसतो आणि त्यावर धूळ बसून तो झाकला जातो, म्हणजे दोष मिटला असे मानले जाते. तिसरी थेंबाची, या अवस्थेत गाडी उताराकडे तोंड करून लावायची की चढाकडे, याचे कौटुंबिक नियम ठरतात. चौथी धारेची, तिच्यात मात्र मालक मनापासून घाबरतो आणि तातडीने कपडे धुण्याचा साबण मागवतो. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो टाकीच्या चिरेवर घासून भरला की धार थांबते. आडरानात गाव गाठण्यापुरता हा उपाय खरोखर कामाचा आहे. दुर्दैव इतकेच, की गाव आल्यावरही साबण तिथेच राहतो, त्यावर एम-सीलचा लेप बसतो, लेपावर काळा रंग बसतो, आणि गाडी विकताना या भागाचा उल्लेख 'नुकतेच काम केलेले आहे' असा होतो.

आजवर कार्बोरेटरवर चाललेल्या गाडीला एमपीएफआय इंजिन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोलचा फवारा मारणारे इंजिन, बसवले जाते तेव्हा इंधननळीची खरी कसोटी लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर घेऊन तिच्यात नव्या जमान्याच्या गाडीचे इंजिन घालणाऱ्या हौशी मंडळींचा एक वर्ग आहे, आणि बाहेरून आजोबांची व आतून नातवाची अशी गाडी त्यांना अभिप्रेत असते. या इंजिनाला पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने लागते, म्हणजे जुन्या एसी पंपाच्या दाबाच्या दहापट किंवा अधिक, आणि ते देण्यासाठी टाकीत किंवा टाकीजवळ विजेचा पंप बसवावा लागतो. पन्नास वर्षांच्या सोसायटीने गच्चीवर प्रेशर पंप बसवावा आणि भिंतीतले जीआय पाइप तेच ठेवावेत, म्हणजे पंपाच्या उद्घाटनाच्या दिवशीच तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची भिंत ओली व्हावी, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच की तिथे पाणी असते. कार्बोरेटरच्या काळातला होज या दाबाखाली फुगतो, साधी क्लिप त्याला कापते, आणि बारीक छिद्रातून निघणारे पेट्रोल थेंबाथेंबाने न पडता तुषाराच्या रूपाने थेट तापलेल्या एक्झॉस्टच्या दिशेने जाते. म्हणून अशा इंजिनासाठी इंजेक्शनच्या दाबाचा म्हणून विकला जाणारा होज, दुमडलेल्या कडांची क्लिप, रिटर्नची वाट आणि अपघात होताच विजेचा पंप बंद करणारी कळ या गोष्टी अनिवार्य ठरतात. मालकाच्या यादीत या चारही गोष्टी असतात; फक्त त्या अलॉय व्हील, म्युझिक सिस्टिम आणि सनरूफ यांच्या खाली असतात आणि पैसे सनरूफपाशी संपतात.

नळी कुठून न्यावी हेही शास्त्र आहे. पेट्रोलचे काही घटक 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. नळी सायलेन्सरच्या पाइपाला बिलगून गेली तर आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि एसी पंप द्रवाऐवजी वाफ ओढत बसतो, याला व्हेपर लॉक म्हणतात. वैशाखात कसारा किंवा खंबाटकी घाटात बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकणारे जुने चालक याच विकारावर उपचार करीत असत, आणि मागच्या आसनावरची मुले त्या वेळी करवंदे खात असत. नवे इंजिन जुन्या जागेत बसवताना एक्झॉस्टची बाजू बदलू शकते, म्हणजे जी नळी मूळ रचनेत थंड बाजूने जात होती ती आता भट्टीशेजारी येते. नळी दर फूट-दीड फुटावर क्लिपने चासीला बांधावी आणि पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट घालावा, एवढे दोन नियम पाळले तरी बरेच साधते. गॅरेजमध्ये ग्रोमेटच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लिपच्या जागी बाइंडिंग वायर वापरतात, आणि ही तार नळीला चासीपासून सुटू देत नाही, कारण ती नळीत अर्धी रुतलेली असते.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध गेल्या काही वर्षांत अधिकच घट्ट झाला आहे, कारण आता टाकीतच ऊस आला आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाची, म्हणजे ई-20 ची, विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली आणि नंतर ते सर्वत्र पसरले. त्यातील इथेनॉलचा काही वाटा उसापासून येतो. इथेनॉल हवेतली ओल शोषते, जुन्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज जमवते, वर्षानुवर्षांचा चिकट थर सुटा करून फिल्टरकडे पाठवते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मऊ करते किंवा तडे पाडते. ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये अशी म्हण आहे. येथे ऊसच होजला मुळापासून खातो. ज्या बागायतदाराने उसाच्या पैशांतून जीप घेतली, उसाच्याच पैशांतून तिचे इंजिन बदलले, त्याचा ऊस कारखान्यात जाऊन, आसवनीतून निघून, टँकरने पंपावर येऊन, अखेर त्याच्याच जीपच्या होजला भोक पाडतो, ही कृषी-औद्योगिक साखळी सहकाराच्या आद्य पुरस्कर्त्यांच्याही ध्यानात आली नसेल. उपाय सोपा आहे: इथेनॉल सहन करणाऱ्या आतल्या थराचा होज घ्यावा. तो महाग आहे. म्हणून बागायतदार उसाला जादा दर मागतो.

कायद्याचे स्थान या साऱ्यात आदराचे असले तरी शेवटचे आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्येही स्पष्ट केली. इंजिन बदलायचे किंवा वेगळ्या इंधनाची सोय करायची, तर कायद्याने घातलेल्या अटी पाळून नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि आरसी बुकात इंजिन क्रमांक व इंधन हे रकाने बदलून घ्यावे लागतात. इंजिनबदलाच्या जुन्या लाटेतील कित्येक जीपगाड्या मात्र कागदावर पेट्रोलच्या आणि रस्त्यावर डिझेलच्या राहिल्या, आणि पासिंगच्या दिवशी त्यांच्या एक्झॉस्टमधून निघणारा काळा धूर हा आरसी बुकाशी जाहीरपणे मतभेद व्यक्त करीत असे.

आता काळाने उलटी कूस घेतली आहे. केंद्रीय नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली, आणि आजोबांनी भंगारात विकलेले हरिकेन इंजिन नातू दुप्पट उत्साहाने आणि कितीतरी पट किमतीने शोधू लागले. डिझेल उतरते, पेट्रोल पुन्हा चढते, आणि टाकीवर झाळलेला तो रिटर्नचा नेपल निरुपयोगी होतो. त्याच्यावर रबरी टोपी बसवून तारेने आवळतात. टोपी होजच्याच जुन्या तुकड्याची केलेली असते, त्यात लाकडी खुंटी ठोकलेली असते, आणि 'अगदी कंपनीसारखी' असे तिचे वर्णन केले जाते.

इंधननळी विधिवत बदलली, म्हणजे योग्य मापाची पोलादी नळी, योग्य होज, योग्य क्लिपा, रिटर्न, ग्रोमेट आणि तांब्याचे नवे वायसर हे सर्व यथासांग झाले, तर पुढे काय घडते याचे उत्तर थोडक्यात देता येते: काहीही घडत नाही. वास येत नाही, हवा धरत नाही, घाटात गाडी थांबत नाही, आग लागत नाही. महिना जातो, दोन महिने जातात, आणि मालकाच्या मनात एक शंका मूळ धरते, की काहीच झाले नाही, त्याअर्थी जुनी नळीही चालली असती. ही शंका तो मेस्त्रीला बोलून दाखवतो. मेस्त्री वाद घालत नाही. तोही अंतर्यामी त्याच मताचा असतो. जुना होज त्याने टाकून दिलेला नसतोच, तो पुसून, दोन्ही टोके इंचभर छाटून, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला असतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच एका गृहस्थाने लाखभराचे इंजिन आणून "होजचे तेवढे स्वस्तात बघा, मेस्त्री" असे म्हटले की मेस्त्री न वळताच हात मागे करून तो खिळ्यावरून उतरवतो.